घड्याळ चालतंय, पण खरं आहे का?

(जुनं मनगटी घड्याळ विकत घेण्याआधी करायच्या सात कसोट्या)



मेट्रॉलॉजीच्या पेपरात 'इन्स्पेक्शन म्हणजे काय?' या प्रश्नाचं उत्तर आपण पाठ करून लिहितो आणि पाच मार्क घेऊन मोकळे होतो. गो आणि नो-गो गेज, टॉलरन्स, सरफेस फिनिश... सगळं तोंडपाठ! पण तेच आपण बाजारात एखादी जुनी वस्तू घ्यायला गेलो तर काय करतो? चकाकी बघतो, भाव पाडतो, "चालतंय ना?" एवढं विचारतो आणि पैसे देऊन टाकतो.

सध्या हॉस्टेलवर जुन्या, चावीच्या घड्याळांची सॉलिड क्रेझ आहे. कुणी पुण्याच्या जुन्या बाजारातून आणतं, कुणी मुंबईच्या चोर बाजारातून, तर कुणी फोटो बघून घरबसल्या मागवतं. महिन्याभराची मेस फी एका घड्याळात घालवणारे महाभाग माझ्या वर्गातच आहेत. घड्याळ हातात आलं की सगळ्यांचा एकच प्रश्न असतो, "ओरिजिनल आहे का गं?" त्याचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' असं एका शब्दात देता येत नाही. म्हणूनच हा लेख.

आधी थोडा इतिहास

आपल्याकडे मनगटी घड्याळ आलं ते परदेशातून. फाव्र-ल्युबा ही १७३७ साली सुरू झालेली स्विस कंपनी १८६५ पासून भारतात घड्याळं विकत होती. वेस्ट एंड वॉच कंपनीचं 'सोवार प्रायमा' हे घड्याळ आपल्या पणजोबांच्या पिढीला चांगलं माहीत होतं. 'सोवार' म्हणजे आपला 'स्वार'च! पण ही घड्याळं सर्वसामान्य माणसाच्या खिशाला झेपणारी नव्हती.

चित्र बदललं ते एचएमटीमुळे. हिंदुस्थान मशीन टूल्स ही सरकारी कंपनी १९५३ साली यंत्रं बनवण्यासाठी सुरू झाली. १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने तिने बंगळूरमध्ये मनगटी घड्याळांचा कारखाना काढला. जनता, पायलट, सोना, कोहिनूर, कांचन ही नावं तुमच्या आजोबांना विचारून बघा, लगेच डोळे चमकतील! नोकरी लागली की एचएमटी, लग्नात जावयाला एचएमटी, निवृत्तीच्या समारंभातही एचएमटी. पुढे १९८४ साली टाटा समूह आणि तमिळनाडू सरकारचं टिडको यांनी मिळून टायटन सुरू केली. क्वार्ट्झची, म्हणजे सेलची घड्याळं घरोघरी आली आणि चावीची घड्याळं कपाटात गेली. शेवटी जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस ही कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला.

गंमत अशी, की कंपनी बंद होतेय म्हटल्यावर लोकांना तिची आठवण आली. मागणी वाढली, पण जुना माल काही वाढत नाही. मग ही तूट भरून कोण काढणार? इथेच खरी गोष्ट सुरू होते.

'मुंबई स्पेशल' म्हणजे काय?

जगभरच्या घड्याळ जमवणाऱ्या लोकांत 'मुंबई स्पेशल' असा एक शब्द आहे. आपल्या मुंबईचं नाव जगात गाजतंय म्हणून खूश होऊ नका, कारण तो शब्द कौतुकाचा नाही. जुनी, मोडकी घड्याळं गोळा करायची, डायल खरवडून भडक रंगात नव्याने छापायची, केसला पॉलिश मारायचं, मिळतील ते काटे लावायचे आणि 'जुनं पण कोरं' म्हणून विकायचं, असा तो प्रकार. फाव्र-ल्युबा, सायको, एचएमटी, कुणीच यातून सुटलेलं नाही.

मात्र 'मुंबई स्पेशल' म्हणजे पूर्ण नकली घड्याळ, असंही नाही. आतलं मशीन बऱ्याचदा कंपनीचंच असतं. त्यामुळे आधी चार वेगळ्या गोष्टी नीट समजून घ्यायला हव्यात :

१. नकली : कंपनीचा काही संबंध नाही, फक्त नाव छापलंय.
२. रंगवलेलं : मशीन आणि केस कंपनीची, डायल नंतर पुन्हा छापलेली.
३. जुळवलेलं : तीन-चार घड्याळांचे भाग एकत्र करून बनवलेलं. याला 'फ्रँकनवॉच' म्हणतात, फ्रँकनस्टाइनच्या राक्षसावरून.
४. दुरुस्त केलेलं : मूळ घड्याळच, पण काच, स्प्रिंग, चावी असे झिजणारे भाग बदललेले.

चौथा प्रकार अगदी योग्य आहे. पन्नास वर्षं चाललेल्या घड्याळाची काचसुद्धा मूळचीच असावी असा हट्ट धरणं म्हणजे आजोबांचे सगळे दात मूळचेच हवेत म्हणण्यासारखं आहे. दुसरा आणि तिसरा प्रकारसुद्धा विकणाऱ्याने आधी सांगितला तर फसवणूक नाही. न सांगता कोऱ्याचा भाव लावला, की ती फसवणूक.

आता कसोट्या बघू. यातल्या बऱ्याच मला आमच्या शिरोळमधल्या घड्याळवाल्या काकांनी शिकवल्या. त्यामागचं गणित तेवढं मी घातलंय.

कसोटी पहिली : डायल

एक दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. कारखान्यात छापलेली अक्षरं बारीक, सारख्या जाडीची आणि कडेला स्वच्छ असतात. पुन्हा छापलेल्या डायलवर अक्षरं जाड होतात, कडा फुटतात, 'ई' आणि 'एफ'मधल्या आडव्या रेघा एकमेकींना चिकटतात.

मग मिनिटांच्या रेघा बघा. वर्तुळ ३६० अंशांचं आणि मिनिटं ६०, म्हणजे दर दोन रेघांत बरोबर ६ अंश. घड्याळाचा अगदी समोरून फोटो काढा आणि मोबाईलवर मोठा करून १२ ते ६ आणि ३ ते ९ अशा दोन रेघा कल्पनेने ओढा. दोन्ही रेघा काट्यांच्या खिळ्यातूनच जायला हव्यात. तासांच्या धातूच्या खुणा आणि छापलेल्या मिनिटांच्या रेघा यांची सुद्धा सरळ रेषा जमली पाहिजे. रंगवलेल्या डायलमध्ये खुणा जुन्या जागी आणि छपाई नवीन जागी, त्यामुळे थोडी तरी चूक राहतेच. तारखेची खिडकी असेल तर तिच्या कडेवर रंगाचा थर साचलाय का तेही बघा.

आणखी एक. काही एचएमटी घड्याळांच्या डायलवर नाव देवनागरीत आहे आणि अशा डायलना आता जास्त मागणी आहे. मागणी आहे म्हटल्यावर छापणारेही आलेच. मी पडले कॉन्व्हेंटवाली, 'पावणेसात' आणि 'सव्वासात' यात आठवीपर्यंत गोंधळ! पण मलासुद्धा एका डायलवर वेलांटी अक्षरापासून सुटलेली दिसली. तुम्हाला तर नक्कीच दिसेल. तसंच डायलवर सैन्याचं किंवा हवाई दलाचं ठळक चिन्ह दिसलं की भुलून न जाता दुप्पट सावध व्हा. असं चिन्ह छापायला रंग तेवढा लागतो, भाव मात्र चांगलाच वाढतो.

कसोटी दुसरी : काटे आणि अंधारात चमकणारा रंग

मिनिटकाटा मिनिटांच्या रेघांपर्यंत पोचला पाहिजे, तासकाटा तासाच्या खुणेच्या आतल्या टोकाजवळ थांबला पाहिजे. आखूड काटा दिसला की तो दुसऱ्या घड्याळाचा असण्याची शक्यता मोठी. तिन्ही काट्यांचा रंग आणि जुनेपणा एकसारखा हवा.

आता आपल्या आवडीचं, फिजिक्स! स्विस घड्याळांत साधारण १९६० नंतर चमकणाऱ्या रंगात ट्रिटियम वापरायचे. अशा डायलच्या तळाशी 'स्विस'च्या दोन्ही बाजूंना 'टी' हे इंग्रजी अक्षर असतं. ट्रिटियमचं अर्धायुष्य १२.३ वर्षं. म्हणजे ५० वर्षांत साधारण चार अर्धायुष्यं झाली. अर्ध्याचं अर्धं असं चार वेळा केलं की उरला सोळावा भाग, सहा टक्के. शिवाय त्यातलं चमकणारं रसायनही तोवर थकलेलं असतं. त्यामुळे '१९७० चं कोरं घड्याळ' म्हणून दिलेलं घड्याळ रात्रभर हिरवंगार चमकत असेल, तर तो रंग नवीन आहे एवढं नक्की.

त्याच्याही आधीच्या घड्याळांत रेडियम असायचं. त्याचं अर्धायुष्य जवळपास १६०० वर्षं. चमक गेली तरी किरणोत्सर्ग तसाच राहतो. म्हणून फार जुन्या घड्याळावरचा रंग नखाने खरवडून बघायचा नाही, त्याची पूड श्वासातून आत जाऊ द्यायची नाही. यात गंमत नाही, हे खरंच पाळा.

कसोटी तिसरी : केस, चावी आणि मागचं झाकण

पट्टा जिथे बसतो ते चार 'कान' नीट बघा. मूळ केसच्या कडा धारदार असतात. बफिंग मशीनवर दोन-चार वेळा पॉलिश झालं की कडा साबणाच्या वडीसारख्या गोल होतात. मागच्या झाकणावर कोरलेली अक्षरं उथळ झालीत का? झाली असतील तर धातू तेवढा घासला गेलाय. मुलामा दिलेल्या केसवर कानांच्या टोकांना पितळ दिसू लागतं. हा दोष असला तरी प्रामाणिक दोष आहे, वापराची खूण आहे. पूर्ण घासलेली अक्षरं आणि वर सोन्यासारखा ताजा मुलामा ही जोडी मात्र संशयाची.

चावीवर कंपनीचं चिन्ह नसेल तर ती बदललेली असू शकते. ते चालतं, कारण चावी झिजतेच. पण चावी केसच्या भोकात मधोमध बसत नसेल, वर-खाली वाटत असेल, तर आतलं मशीन त्या केसचं नाही अशी दाट शंका घ्यायची.

कसोटी चौथी : मशीन

आमचे काका म्हणतात, "डायल काय, रंगवली की झाली नवी. मशीन रंगवता येत न्हाई." म्हणून झाकण उघडल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. स्वतः चाकूने उघडू नका. घड्याळजीकडे त्याचं हत्यार असतं. दहा मिनिटांचं काम आहे.

आत काय बघायचं? ब्रिजवर कंपनीचं नाव आणि ज्वेल्सची संख्या कोरलेली आहे का. स्क्रूच्या खाचा फाटल्यात का. गंज आणि हिरवट डाग आहेत का. मशीनभोवती प्लास्टिकचा तुकडा किंवा कागद कोंबलाय का. असेल तर मशीन त्या केससाठी लहान पडतंय. डायलला मागून दोन बारीक पाय असतात, ते मशीनच्या भोकांत बसतात. दुसऱ्याच मशीनवर डायल बसवायची तर हे पाय कापून ती चिकटवावी लागते. चिकटपट्टी किंवा डिंक दिसला की समजायचं.

ज्वेल्सची गोष्टही समजून घ्या. डायलवरचे '१७ ज्वेल्स' म्हणजे दागिने नव्हेत! ती कृत्रिम माणकं असतात, मोह्जच्या मापावर काठिण्य ९. आपल्या भाषेत ती बेअरिंग्ज. हिशोब असा : बॅलन्स व्हीलला ४, रोलरवर १, पॅलेटवर २, झाले ७. पॅलेट फोर्कच्या धुरीला २, एस्केप व्हीलला २, चौथ्या चाकाला २, तिसऱ्या चाकाला २, झाले १५. आणि मधल्या चाकाला २, एकूण १७. साध्या चावीच्या घड्याळात जिथे घर्षणाने झीज होते अशा जवळपास सगळ्या महत्त्वाच्या जागा यात आल्या. म्हणून डायलवर २१ आणि मशीनवर १७ लिहिलेलं असेल तर डायल आणि मशीन यांचं लग्न नंतर लावलेलं आहे.

झाकणाच्या आतल्या बाजूलाही बघायला विसरू नका. तिथे सुईने ओरखडल्यासारखे बारीक आकडे दिसतात. घड्याळजी दुरुस्तीची खूण म्हणून ते कोरतात. असं तीन-चार वेळा कोरलेलं घड्याळ 'कधीच न वापरलेलं' कसं असेल?

कसोटी पाचवी : नंबरांचा मेळ

सायकोच्या घड्याळांत ही कसोटी फार उपयोगी. मागच्या झाकणावर आठ खुणांचा एक नंबर असतो, उदाहरणार्थ ७००९ आणि पुढे केसचा नंबर. पहिले चार आकडे म्हणजे मशीनचा प्रकार. हेच चार आकडे डायलच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेले असतात आणि मशीनवरही असतात. तिन्ही ठिकाणी जमले पाहिजेत.

जुन्या सायकोच्या झाकणावर सहा आकड्यांचा सीरियल नंबरही असतो. त्याचा पहिला आकडा वर्षाचा शेवटचा आकडा आणि दुसरी खूण महिन्याची : १ ते ९, मग ऑक्टोबरला ओ, नोव्हेंबरला एन, डिसेंबरला डी. दशक मात्र त्यात नसतं, ते मशीनचा प्रकार कधी बनत होता यावरून ठरवायचं.

कसोटी सहावी : आवाज

घड्याळ शांत खोलीत मोबाईलच्या माईकवर ठेवा आणि २० सेकंद रेकॉर्ड करा. मग कमी वेगाने वाजवून ठोके मोजा. एचएमटी जनतामधलं ०२३१ हे मशीन तासाला १८,००० ठोके देतं. भागिले ३६०० म्हणजे सेकंदाला ५, आणि २० सेकंदांत १००. सायको ७००९ तासाला २१,६०० म्हणजे सेकंदाला ६, तेव्हा २० सेकंदांत १२०. जनता म्हणून दिलेल्या घड्याळात १२० ठोके आले, तर आत दुसरंच कुणीतरी राहतंय! आणि सेकंदकाटा सेकंदाला एकदाच टुणकन उडी मारत असेल, तर आत बहुतेक सेल आहे.

पण ठोके जमले म्हणजे घड्याळ खरं, असं उलटं अनुमान काढू नका. तेवढेच ठोके देणारी इतर मशीनंही असतात. ही नो-गो गेज आहे. नापास करते, पास करत नाही.

हाच मुद्दा वेळेच्या अचूकतेचा. दिवसाला सेकंद ८६,४००. घड्याळ दिवसाला ४० सेकंद पुढे गेलं तर चूक ०.०५ टक्क्यांहूनही कमी! खरं घड्याळ तेल सुकल्यामुळे मागे पडू शकतं आणि जुळवलेलं घड्याळ अगदी नेमकं चालू शकतं. 'चालतंय' आणि 'खरं आहे' ही दोन वेगळी विधानं आहेत.

कसोटी सातवी : विकणारा माणूस

हे घड्याळ कुठून आलं? डायल मूळची आहे का? मशीनचा फोटो मिळेल का? नाही पटलं तर परत घेणार का? हे चार प्रश्न विचारा आणि उत्तरं लेखी मागा. "एवढ्या पैशात एवढं कशाला बघता?" हे उत्तर आलं, की त्यातच आपलं उत्तर मिळालं.

तीन 'जनता'

आता या सगळ्याचं प्रात्यक्षिक. आमचा शिरोळ तालुका म्हणजे कृष्णा-पंचगंगेच्या संगमाचा भाग, नरसोबाची वाडी इथलीच. २००५, २०१९ आणि २०२१, तिन्ही महापुरांनी आम्हाला धुऊन काढलं. ऑगस्ट २०१९ च्या पुरात आजोबांचं एचएमटी जनता कपाटासकट पाण्यात गेलं. गाळ वाळल्यावर काकांनी ते उघडलं. केसासारखी बारीक हेअरस्प्रिंग गंजून एकमेकांत चिकटली होती. "आबा, ह्यात आता काय राम न्हाई," काका म्हणाले. आजोबा काही बोलले नाहीत. पण नंतर कित्येक महिने वेळ बघायला त्यांचा डावा हात आपोआप वर जायचा.

गेल्या वर्षी मी साठवलेल्या पैशांतून त्यांना तसंच घड्याळ घ्यायचं ठरवलं. तीन घड्याळं बघितली.

पहिलं फोटोवर पसंत पडलेलं. आकाशी निळी डायल, वर हवाई दलाचं चिन्ह, 'कोरा जुना माल', किंमत २,८०० रुपये. मोठा करून बघितला तर १२ ची खूण आणि मिनिटाची रेघ यात स्पष्ट अंतर. मशीनचा फोटो मागितला, तो आलाच नाही. सोडून दिलं.

दुसरं एका दुकानात. डायल पांढरी, झकास. केस छान. भाव १,९००. झाकण उघडायला लावलं तर मशीनभोवती प्लास्टिकची पट्टी आणि ब्रिजवर भलतंच नाव. दुकानदार म्हणाला, "टाइम बघा की, एक नंबर दाखवतंय." दाखवत होतं, हे खरंच! पण त्याला 'जनता' कसं म्हणायचं?

तिसरं गावातल्याच एका निवृत्त गुरुजींचं. डायल पिवळट पडलेली, काचेला तडा, चावी झिजलेली. मशीनवर एचएमटीचं नाव, १७ ज्वेल्स, २० सेकंदांत बरोबर १०० ठोके, झाकणाच्या आत दुरुस्तीचे तीन ओरखडे, त्यातला एक आमच्याच काकांच्या हातचा. दिवसाला ४० सेकंद पुढे. गुरुजींनी स्वतःहून सांगितलं की काच आणि पट्टा बदललेला आहे. १,२०० रुपयांना घेतलं.

काकांनी मग एक तोडगा सुचवला. "बाळ, ह्याचं मशीन काढून आबांच्या केसमधी बसवू. डायल तेवढी साफ करतो. आबांना वाटंल त्यांचंच घड्याळ परत आलं." मलाही ते पटत होतं. एवढंच की सगळा लेखभर ज्याला मी 'जुळवलेलं' म्हणतेय, नेमकं तेच आम्ही बनवणार होतो! फक्त ते कुणाला विकायचं नव्हतं. मग मी आजोबांनाच विचारलं. ते म्हणाले, "नगं. माझं बुडालं ते बुडालं. हे गुरुजींचं हाय, गुरुजींचंच ऱ्हाऊ दे. मी घालतो की." सध्या पिवळट डायलचं ते घड्याळ त्यांच्या मनगटावर आहे आणि कुणी विचारलं की ते गुरुजींचं नाव सांगतात. घड्याळाचा याहून चांगला पुरावा मी तरी पाहिलेला नाही.

मग ठरवायचं कसं?

एका खुणेवरून निकाल देऊ नका. चावी बदललेली असणं म्हणजे काही फसवणूक नव्हे. पण वेगळ्या-वेगळ्या तीन जागी, म्हणजे डायल, मशीन आणि केस अशा तिन्हीकडे शंका आली तर तो योगायोग नसतो. तीन यादींत काम वाटून घ्या :

नापास करणाऱ्या गोष्टी : मशीनवर दुसरं नाव, न जुळणारे नंबर, कापलेले डायलचे पाय, न जमणारे ठोके, झाकण उघडायला नकार.

भाव कमी करायला लावणाऱ्या गोष्टी : रंगवलेली डायल, जास्त पॉलिश, बदललेले काटे, साधी चावी.

भावात न धरण्यासारख्या गोष्टी : नवीन काच, नवीन पट्टा, नवीन मेन स्प्रिंग.

आणि घड्याळ घेतल्यावर एक काम जरूर करा. झाकण उघडलेलं असतानाच मशीनचा, डायलचा आणि आतल्या खुणांचा फोटो काढून ठेवा, काय बदललंय ते एका चिठ्ठीवर लिहा आणि चिठ्ठी डबीत ठेवा. उद्या ते घड्याळ तुमच्याकडून दुसऱ्याकडे जाईल तेव्हा त्याला हा लेख वाचायची गरज पडणार नाही!

भिंगाला शे-दोनशे रुपये लागतात, रेकॉर्डिंग फुकट आहे, आणि गावातल्या घड्याळजीकडे दहा मिनिटं बसायला चहाचे पैसे पुरतात. जोवर ते दुकान उघडं आहे तोवर एकदा जाऊन बसाच. आमच्या काकांच्या हाताखाली शिकायला आता कुणी नाही. मशीन ओळखणारी ही माणसं गेली, की आपल्या हातात फक्त फोटो उरतील, आणि फोटोत सगळीच घड्याळं खरी दिसतात.

— टी. ई. मेकॅनिकल